केळ्यांवर एम.एस्सी.

रसायनशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात बी.एस्सी. झालेल्या मुलीला साधी केळी पिकवता येणार नाहीत, असं मला कुणी म्हणालं असतं, तर मी भांडले नसते. भांडणं माझ्या स्वभावात नाही. मी शांतपणे खडू मागितला असता आणि फळ्यावर सगळी क्रिया लिहून दाखवली असती, बाणासकट!

एकोणनव्वद सालची गोष्ट. तेव्हा जळगाव-धुळ्याचं विद्यापीठ म्हणजे पुण्याचंच. आम्ही जळगावात परीक्षा द्यायच्या आणि निकालाने वाटेतल्या सगळ्या पाहुण्यांकडे चहा घेत घेत सावकाश यायचं. त्या वर्षीही तो उशिरा आला, पण पहिला वर्ग घेऊन आला. पाठोपाठ पुण्याला एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला. फीची काळजी नव्हती, सवलत होती. काळजी होती वसतिगृहाची. जागा मिळाली होती, पण अनामत आणि खानावळीचे आगाऊ पैसे श्रावणाचा दुसरा आठवडा संपायच्या आत भरायचे, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला. आणि माझ्या मायने सांगूनच टाकलं होतं, "वसतिगृह नाही तर पुणं नाही! पुण्यात आपलं आहे कोण? कुत्रंसुद्धा ओळखीचं नाही!"

माझे वडील, आबा, रिखबचंदशेठच्या डाळमिलमध्ये दिवाणजी होते. शेठ एके दिवशी घरी आले आणि म्हणाले, "दिवाणजी, कुमुदच्या पुण्याचं काय ते मी बघतो. हुशार पोरगी आहे."

मी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि मनात चार दिवस घोटलेलं वाक्य बोलून टाकलं. "काका, आभारी आहे. पण माझं शिक्षण ही माझी जबाबदारी आहे. मी स्वतःच्या पायावर उभी राहून शिकणार. कुणाची मदत घेणार नाही!"

"कुणाचीच नाही?"

"कुणाचीच नाही."

"सरकारचीसुद्धा?"

"ते वेगळं," मी म्हटलं. "ती मदत नसते. ती सवलत असते."

शेठनी चहा बशीत ओतला आणि फुंकर मारता मारता हसू लपवलं. "बरं, म्हणजे माझ्याकडून काहीच नको."

"तुमच्या मिलमागची रिकामी खोली हवी होती," मी म्हटलं. "पण भाड्याने!"

योजना अशी होती. रावेरजवळ आमच्या निंबाकाकांचा केळीचा मळा होता. दिल्लीच्या ट्रकमध्ये फक्त भरदार घड जातात. लहान घड बांधावरच पडून राहतात आणि गुरांच्या पुढ्यात जातात. जिल्ह्यातलं कच्चं केळं असं सगळं उत्तरेला निघून जातं आणि श्रावणात उपास आले की आमच्याच गावात पिकलेल्या केळ्यासाठी फिरावं लागतं. म्हणजे तिकडे माल वाया जातोय, इकडे मागणी आहे, आणि मधे फक्त थोडंसं रसायनशास्त्र कमी आहे! मी रावेर गाठलं.

"काका, हे लहान घड मला विकत द्या."

निंबाकाकांनी ट्रॅक्टर बंद केला. "विकत? काहून वं? म्हशीले टाकतो मी ते. म्हैस मले पैसे देते का?"

"मी म्हैस नाही, काका."

"ते दिसू राह्यलं. म्हैस इतकं बोलत नाही."

शेवटी विक्री झाल्यावर पैसे द्यायचे असं ठरलं आणि एक ट्रॉली भरून घड मिलमागच्या खोलीत येऊन पडले. मिलच्या हमालांनी सल्ला दिला, "ताई, बाजारातून पुडी आणा, कार्बाइडची. एका रात्रीत पिवळीधमक!" मी हात जोडले. त्या पुडीतून काय काय बाहेर पडतं ते मला पाठ होतं. माझी पद्धत स्वच्छ होती. पिकलेलं फळ एक वायू सोडतं, त्या वायूने शेजारचं कच्चं फळ पिकतं. मग काय, घडांचे तीन भाग केले. एक भाग पहिल्या श्रावणी सोमवारचा, एक एकादशीचा, एक दुसऱ्या सोमवारचा. मधे गोणपाटाचे पडदे. पहिल्या भागात योग्य वेळी चार पिकलेली फळं ठेवायची, बाकीच्यांना झोपू द्यायचं. खोलीच्या फटी मी कागद चिकटवून बंद केल्या, मोठ्या माणसासारखं कुलूप लावलं आणि पुण्याला कोणत्या साड्या न्यायच्या त्याचा विचार करू लागले.

वायू उपलब्ध असलेली सगळी जागा व्यापतो. हे मी पेपरात लिहून आले होते. त्यावर पूर्ण गुण मिळाले होते. पण पेपरात गोणपाटाचा उल्लेख नव्हता हो!

आषाढ वद्य चौदशीला सकाळी मी कुलूप काढलं आणि वासाने मला मागे ढकललं. पहिला सोमवार, एकादशी, दुसरा सोमवार, सगळे एकदम उगवले होते! खोलीत इतका पिवळा उजेड होता की दिवा लावायची गरज नव्हती. वर पावसाळ्यातली ऊब. आज पिवळी दिसतायत ती परवा काळी आणि पुढच्या सोमवारपर्यंत सरबत! आणि त्या वर्षी अमावस्या मंगळवारी, म्हणजे हा सोमवार अजून आषाढातलाच आणि पहिला श्रावणी सोमवार आठवड्याने.

मी आधी शेजारीच शेठच्या घरी, त्यांच्या पत्नी पानबाईंकडे धावले. "काकू, केळी घेता का? ताजी आहेत!"

"आज चौदस, बेटा. आज आम्हां जैनांकडे हिरवं बंद, भाजी नाही की फळ नाही."

"पण काकू, ही पिवळी आहेत!"

"पिवळी झाली म्हणून काय दुकानात शिवलेली आहेत? झाडावरचीच ना!" पानबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की माझी पदवी थोडी सुरकुतली.

मग बाजारात रतिलाल फळवाल्याकडे. त्याने एक केळं हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "माल चांगला आहे, ताई. पण उद्या गटारी. उद्या गावात बोकड सोडून कुणाला भाव नाही. पुढच्या सोमवारी या."

"सोमवारपर्यंत ही राहणार नाहीत."

"मग सोमवार अलीकडे आणा!"

घरी आले तेव्हा माझा चेहरा बघून माय नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली. आबा मात्र दिवाणजी होते. माल अडकला की माल हलवायचा, एवढंच त्यांना ठाऊक. "धुळ्याला ने," ते म्हणाले. "देवपुरात तुझ्या ताईबाई मावशीच्या गल्लीत कॉलेजच्या पोरांची वसतिगृहं आहेत. वसतिगृहातलं पोरगं तिथी बघत नाही. दगड दिला तरी सोलून खाईल!"

मंगळवारी सकाळी टोपल्यांमध्ये भरता येतील तितकी केळी घेऊन मी धुळ्याच्या बसपाशी उभी होते. कंडक्टर अभिमन हा धुळ्याकडचा माणूस, मिशी मोठी आणि मन त्याहून मोठं. पाऊस भुरभुरत होता. "टपावर भिजी जाई माल," तो म्हणाला. "आत ठेवा, ताई." त्याने टोपल्यांचं रीतसर तिकीट फाडलं, टोपल्या वरच्या फळ्यांवर ठेवायला मदत केली आणि सहज विचारलं, "इतली केळी कोठे?"

"शिक्षणासाठी," मी म्हटलं. "एम.एस्सी. करायचंय. उच्च शिक्षण."

याहून अचूक उत्तर देता आलं असतं, पण बस सुटत होती.

आता फार पिकलेल्या केळ्याची एक खोड सांगते. ते देठ सोडतं. आणि जळगाव-धुळे रस्त्याची त्या काळची खोड तुम्हाला ठाऊक असेलच. एरंडोलच्या अलीकडे एक खड्डा आला आणि पहिलं केळं थेट माझ्या पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याच्या टोपीवर पडलं. वना नाना त्यांचं नाव, ते सगळ्या बसला आधीच कळलं होतं, कारण त्यांचा आवाज इंजिनापेक्षा मोठा होता. नानांनी वर पाहिलं, केळं उचललं, कपाळाला लावलं. "देवानं दिधं!" म्हणाले आणि खाऊन टाकलं.

दुसरा खड्डा. दोन केळी कमलबाई नावाच्या एका जाडजूड बाईंच्या मांडीवर. तिसरा खड्डा. एका पैलवानाच्या खिशात.

"कंडक्टर, हाई काय शे?" सगळीकडून आवाज आले.

अभिमनने माझं भलं करायचं ठरवलं. त्याने घंटीची दोरी ओढली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "शिक्षणनं शे! उच्च शिक्षणनं!"

झालं! वना नाना कधीकाळी ग्रामपंचायतीत होते. त्यांना सगळ्या योजना ठाऊक. "माले समजनं," ते मागे वळून बसला समजावू लागले. "सरकारनी नवी योजना शे. आपला जिल्हामा केळी भी जास्त व्हयी गयी अन् शिकेल पोरं भी जास्त व्हयी गयात. म्हनीसन दोन्ही एकाच गाडीमा धाडी दिधं!"

बसला हे अगदी पटलं.

"नाना, ही विकायला आहेत," मी म्हटलं.

पण माझा आवाज प्रयोगशाळेतला. परीक्षानळीने दचकू नये इतकाच. इंजिन, पाऊस आणि नाना, यांच्यापुढे तो शेजारच्या खिडकीपर्यंतसुद्धा गेला नाही. लोक आता खड्ड्याची वाट बघत बसेनात. उभे राहून टोपल्यांत हात घालू लागले. पारोळ्याला ज्यांना उतरायचं होतं ते उतरेनात आणि ज्यांना चढायचं नव्हतं ते चढले! एकाने रेशनकार्ड काढून दाखवलं. "यावर कितली भेटतस?"

दुसऱ्याने भीत भीत विचारलं, "बाई, कितवी पास लागतं? मी तिसरी नापास शे."

"मग अर्धं ले!" नानांनी परस्पर निकाल दिला.

"अहो, माझी आहेत ती!" मी उभी राहून म्हटलं. तेवढं मात्र नानांना ऐकू गेलं.

"तुनी कशी?" ते म्हणाले. "तू कोनता पैसावर शिकनी?"

"सवलत होती."

"सवलत कोननी? सरकारनी. सरकार कोननं? आमनं. मग केळी कोननी?"

मी तर्कशास्त्र घेतलं नव्हतं. खाली बसले. आणखी एक खड्डा आला, पण वर पडण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. टोपल्यांमधून नुसते दांडे दिसत होते. म्हणजे पुण्याची जागा आता त्या दुसऱ्या मुलीची. ती कशी असेल कोण जाणे. बहुधा तिच्या घरी केळी नसतील. मी चष्मा काढला आणि पदराने पुसला. तो काही पावसाने ओला झाला नव्हता.

कमलबाईंनी ते पाहिलं. त्या उठल्या, पैलवानाला एका हाताने बाजूला सारलं आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. "काय व माय, रडी राहिनी?"

त्या जवळ बसल्यामुळे माझा आवाज प्रथमच कुणापर्यंत तरी पोचला. मी सगळं सांगितलं. योजना वगैरे काही नाही, केळी काकांची, पिकवली मी, विकून वसतिगृहाचे पैसे भरायचे होते, नाहीतर पुणं नाही.

"अरे देवा!" कमलबाईंनी कपाळावर हात मारला. "अन् तुनी माय कोन गावनी शे?"

"कापडण्याची. धुळ्याजवळ."

"मामा कोन तुना?"

"मामा नाही. आई आणि मावशी, दोघीच बहिणी."

इथे थांबून तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. भाची म्हणजे आमच्या खानदेशात पूज्य. वयाने कितीही लहान असो, मामाच तिच्या पाया पडतो. मामाने तिला द्यायचं असतं, तिचं घ्यायचं नसतं. भाचीचं फुकट खाल्लं तर ते पाप धुवायला तापीचं पाणीही पुरत नाही म्हणतात. आणि भाची काही एका घराची नसते. गावची लेक दुसऱ्या गावी दिली की तिची पोर सगळ्या गावाची भाची. तेव्हा कमलबाई उभ्या राहिल्या, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि असा आवाज काढला की ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर गेला आणि गाडी बंद पडली.

"अरे, सरकारनं नही शे! कापडणानी भाची शे! बिनमामानी पोर शे! अन् तुम्ही बठ्ठा भाचीनं फुकट खाई गयात!"

बसभर चावणं थांबलं. तिसरी नापास झालेल्या माणसाने गिळायचं की थुंकायचं हे न कळून गाल फुगवून ठेवले. वना नानांनी हातातलं अर्धं केळं खाली केलं. ते स्वतः कापडण्याचेच निघाले!

"मामा नही?" नाना हळूच म्हणाले. इंजिन बंद असल्यामुळे आज पहिल्यांदा त्यांचा खरा आवाज ऐकू आला. "आम्ही काय मरी गऊत का?"

आणि ते वाकले. सत्तरीचे नाना, टोपी काढून, माझ्या पायांवर!

"नाना, अहो, नको, नको!" मी मागे सरकले, तर मागून पैलवान वाकला होता. उजवीकडे रेशनकार्डवाला. मधल्या वाटेत रांग लागली. ज्या पायांवर मी स्वतः उभी राहणार होते, त्यांच्यावर इतके लोक वाकले होते की मला हलताच येईना! ड्रायव्हरने गाडी तशीच उभी ठेवली, दार उघडून फिरून आत आला आणि मान खाली घालून म्हणाला, "ताई, मी भी खादं. पारोळाले दोन." तोही वाकला.

एवढ्यावर भागलं असतं. पण पाठीमागून दुसरी बस आली. भर रस्त्यात उभी गाडी पाहून तीही थांबली. आतली माणसं उतरून डोकावली. आत बघतात तर हार नाही, फोटो नाही, आणि चष्मा लावलेल्या एका मुलीच्या पायावर अख्खी बस पडलेली! कुणीतरी म्हणालं, श्रावण लागतोय, देवी कानबाई आली असेल अंगात. मग काय! तीही माणसं आत. एका म्हातारीने माझ्या कपाळाला कुंकू लावलं, पाया पडून घेतलं आणि मग शेजारणीला विचारलं, "कोनती देवी शे?"

"रसायनशास्त्र!" अभिमन अभिमानाने म्हणाला.

"कडक देवी दिसस," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा एकदा वाकली. लगेच मला विचारलं, "माय, मनी म्हैस कव्हय व्यायी?"

"मला खरंच सांगता येणार नाही," मी म्हटलं. "मी फक्त पदवीपर्यंत शिकलेय."

या उत्तराने तिचं समाधान झालं. आजवर कोणत्याच देवीने तिला इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

आता कमलबाईंनी माझा पदर ओढून मांडीवर पसरला. त्यात पैसे पडू लागले. नोटा, चिल्लर, एक नारळ, सुपारी, कुणाच्या तरी बाजाराच्या पिशवीतले अर्धा किलो पोहे. मी घाईने म्हटलं, "थांबा! केळ्याचा जो भाव आहे तेवढेच द्या. बाकी परत घ्या. सुट्टे मी देते!"

"भाचीकडून सुट्टे?" पैलवान दुखावला. मी त्याच्या हातावर नाणी ठेवली, त्याने हात मागे बांधले. नाणी खाली पडली. चार जणांनी ती उचलून माझ्याच पदरात टाकली.

"नाना, तुम्ही तरी सांगा यांना," मी शेवटी वना नानांना म्हटलं. "माझं शिक्षण ही माझी जबाबदारी आहे. मला मदत घेता येणार नाही."

नाना माझ्यासमोरच्या बाकावर टेकले. अर्धं राहिलेलं केळं त्यांनी काळजीपूर्वक संपवलं, कारण आता त्याचे पैसे दिलेले होते.

"सरकारनी सवलत तू लिधी ना?"

"घेतली."

"ती कोठून येस? मी कापूस विकस, ही कमलबाई बसनं तिकीट काढस, तो पैलवान साबन लेस..."

"कव्हय कव्हय," पैलवान म्हणाला.

"...त्याम्हानच सरकार थोडंसं काढी लेस अन् तुले देस. म्हणजे आम्ही तुले शिकाडीच राहिनूत, पोरी. पहिलीपाईन. फक्त तोंड पाहेल नव्हतं. आज पाहं. आज मधमा दलाल नही, इतलंच!"

बस हसली. मी हसले नाही. माझ्या डोळ्यांपुढून शाळा गेली, कॉलेज गेलं, बाटल्यांवर बाटल्या रचलेली ती प्रयोगशाळा गेली. त्यातली कितीतरी काचेची भांडी मी फोडली होती. ती सगळी या लोकांची होती तर!

"अन् जबाबदारीनं म्हनशी तर," नाना उठता उठता म्हणाले, "ती तुनीच शे. आम्ही काय परीक्षाले बसूत? पास व्हय म्हणजे व्हयनं. नापास व्हयनी तं बसभर मामासनं नाक जाई!"

तेव्हा मी पदराला गाठ मारली. दुसरं काय करणार? बस सुरू झाली आणि सगळ्यांनी आपापल्या जागी बसून मला सल्ले द्यायला सुरुवात केली. पुण्यात पाणी उकळून पी. पहाटे उठ. लोकांशी जरा मोठ्याने बोल!

धुळ्याच्या स्टँडवर ताईबाई मावशी, आबांनी मिलच्या फोनवरून धाडलेल्या निरोपाप्रमाणे, भाड्याची हातगाडी घेऊन उभी होती. बस रिकामी होता होता एकेक अनोळखी माणूस तिला "अक्का, काळजी करू नको" असं म्हणून गेला. शेवटी मी उतरले, कपाळभर कुंकू, हातात नारळ, पदराला गाठ. मावशीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्यामागून टोपल्या घेऊन उतरणाऱ्या अभिमनकडे, आणि हातगाडीवरच बसली. "कुमे! लग्न करून आलीस?"

"नाही गं, मावशी!"

"मग हा कोण?"

"मामा," मी म्हटलं. अभिमन माझ्याहून फार तर पाच वर्षांनी मोठा असेल. त्याने टोपल्या खाली ठेवल्या आणि मावशीच्या पाया पडला. मावशीला बहीण म्हणून घेण्यासाठी त्याने तिचं नावसुद्धा विचारलं नाही.

वसतिगृहाचे पैसे मुदतीच्या आत गेले. रिखबचंदशेठनी खोलीचं भाडं घ्यायला साफ नकार दिला. "खोली आता महिनाभर केळ्याच्या वासाने भाड्यानेच आहे," म्हणाले. निंबाकाकांनी मात्र घडांचे पैसे घेतले आणि गंभीरपणे सांगितलं, "म्हशीले सरकी आनतो याची. तिच्याच तोंडातला घास होता."

आणि मी पुण्याला गेले. आजही कुणी मला विचारलं, तुम्ही कशा शिकलात, तर 'स्वतःच्या हिमतीवर' हे शब्द माझ्या तोंडातून निघत नाहीत. अभ्यास मी केला. तो दुसऱ्या कुणी करणं शक्यच नव्हतं. पण त्या अभ्यासाला टेबल, खुर्ची, दिवा आणि डोक्यावर छप्पर कुणी दिलं, हे मला तोंडं ओळखून ठाऊक आहे. फार थोड्यांना एवढं भाग्य लाभतं.

आता या भाग्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. वसतिगृहात नियम होता की रविवारी फक्त अगदी जवळचे नातेवाईक भेटायला येऊ शकतात. वडील, भाऊ, काका, मामा. पहिल्या रविवारी पैलवान आला. वांगी घेऊन! "अभ्यास चालू शे ना?" एवढं विचारून, पाया पडून गेला. पुढच्या रविवारी रेशनकार्डवाले मामा, ज्वारीचे पापड घेऊन. त्याच्या पुढच्या रविवारी ड्रायव्हर, मग तिसरी नापास, मग वना नाना स्वतः. नानांनी फाटकापासूनच ओरडून माझे चाचणीतले गुण विचारले आणि ते सगळ्या इमारतीला कळले. धुळ्याहून कुठल्याही कामाने पुण्याला येणारा माणूस आधी माझ्याकडे येई आणि मग कामाला जाई. दिवाळीच्या आधी तर एका रविवारी नऊवारीतल्या कमलबाईंसह सहा मामा रांगेत उभे! सोमवारी आमच्या रेक्टरबाईंनी मला बोलावून घेतलं. बाई करड्या शिस्तीच्या. इतक्या मामांवर त्यांचा विश्वास नव्हता. असंच चालणार असेल तर माझी जागा दुसऱ्या मुलीला द्यावी लागेल, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं.

"मला एकदा खरं काय ते सांग," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईला भाऊ आहेत तरी किती?"

खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. मी जरा मोठ्याने म्हटलं, "एक बस भरून, मॅडम."

बाईंनी चष्मा काढला. काचा पुसल्या. मग पुन्हा चष्मा घातला, पेन उघडलं आणि विचारलं, "फक्त बसलेले, की उभे धरून?"

"उभे धरून, मॅडम," मी म्हटलं. "आणि मागची बस वेगळी."